पाचामुखी

जेवणं उरकून कलमेश्वराच्या देवळात बैठक.
ठराव एवढाच:
नीलव्वाच्या भट्टीचे चिरमुरे कुणी घ्यायचे नाहीत.
शाळेतली सात पोरं ओकली होती त्या आठवड्यात.

"हात वर करा," पंच म्हणाले.
माझा हात माझ्याआधी वर गेला.
मी खाली बसलेलो, चपलांजवळ,
आणि तो तिथं वर,
इतका मिसळलेला दुसऱ्या हातांत
की त्यातला माझा कुठला, मलाच कळेना.

एकच हात खाली होता, गुंडू कुगजींचा.
त्यांना डुलकी लागली होती.
कुणीतरी ढोसलं, मग तोही वर.

"पाचामुखी परमेश्वर," वडील म्हणायचे
बांधाच्या तंट्यात निवाडा देऊन आल्यावर.
ते स्वतःच पाचांतले एक,
त्यामुळं परमेश्वराचा पाचवा हिस्सा
रोज आमच्याकडं जेवायला असायचा
आणि भाकरी करपली की ताट भिरकवायचा.
मला तेव्हापासून थोडा संशय आहे.

रात्रभर तो हात उशाखाली मुंग्या आल्यासारखा.
सकाळी सायकल काढली.
म्हटलं, मुखं तरी मोजून येऊ.

परसूच्या दुकानात गालाला साबण लावलेला असतानाच विचारलं,
तुला कुणी सांगितलं रे?
"सगळेच म्हणूलालेत की वो."
सगळे म्हणजे?
सगळे म्हणजे रुक्मा, पिठाच्या गिरणीतली.
रुक्मानं पट्टा फिरत ठेवून ओरडून सांगितलं: सातेरी!
सातेरी स्टॉपवर खानापूरच्या गाडीची वाट बघूलालता.
माझ्याकडं बघतच राहिला.
"मला? तूच सांगितलास की.
टपरीवर. चहा पितापिता."

मी?

गाडी आली, धूळ आली, सातेरी गेला.
मग आठवलं.
पोरं ओकली असं ऐकून मी म्हणालो होतो,
"नीलव्वाचे चिरमुरे खाल्ले असतील,"
कपाच्या तळाची साखर बोटानं चाटत.
विनोद म्हणून.
हसलं नव्हतं कुणी.

भट्टी गार होती. कढईतली वाळू गार.
दारात कोंड्याचा ढीग, त्यावर एक कोंबडी निवांत.
मी काही बोलायच्या आत नीलव्वा म्हणाली,
"बर्री, नोड्री."
या, बघा.
तिनं तांदूळ दाखवले, मिठाचं पाणी दाखवलं,
चाळण उचलून उजेडासमोर धरली.
तिच्या तोंडावर उजेडाचे बारीक ठिपके पडले.
मी चाळणीकडं बघायला हवं होतं.

एका मापासाठी तिनं भट्टी पेटवली.
तडतड सुरू झाली तेव्हा जरा बरं वाटलं,
कारण त्यात बोलता येत नव्हतं.
पैसे मोजून घेतले तिनं. एक रुपया परत दिला.
पहिलं तोंड माझं होतं,
हे मी तिला सांगितलं नाही.

पोरं कशानं आजारी पडली, मला अजून माहीत नाही.
शाळेच्या टाकीत पाल पडली होती, असं परसू म्हणतो.
परसूला कुणी सांगितलं, ते विचारून ठेवलंय.

येताना पिशवी शर्टाच्या आत घातली.
चिरमुरे गरम, पोटाला चटके.
ओढ्याच्या पुलावर बाहेर काढली,
परत आत घातली,
परत काढली.
गिरणीवरून खात आलो.
दुकानावरून खात आलो.
तोंडाला कोरड पडली होती, तरी खात आलो.

देवळाच्या कट्ट्यावर पंच बसलेले.
"कुठं फिरूलालास सकाळपासनं?"
पाच मुखं शोधूलालतो, म्हटलं.
"मग?"
एकच सापडलं.

कुणाचं, ते सांगताना
घास गिळायला वेळ लागला.
कट्टा गप्प झाला.
पिशवी पुढं धरून मी उभाच राहिलो,
काय करायचं न कळून.

गुंडू कुगजी या वेळी जागे होते.
त्यांनी इकडंतिकडं बघितलं नाही.
पिशवीत हात घातला.